बॅटरी नीट धर!

सुट्या फर्निचरच्या खोक्यात जी पुस्तिका येते, तिच्या पहिल्या पानावर बहुधा दोन चित्रं असतात. एकात एकटा माणूस, समोर फळ्यांचा ढीग, तोंड पडलेलं, आणि त्या सगळ्यावर भली मोठी फुली. शेजारच्या चित्रात तोच माणूस, सोबत आणखी एक, आणि दोघांच्या तोंडावर हसू. सांगायचं असं की बाबांनो, हे काम एकट्याने करू नका, दोघांनी करा. ज्याने हे चित्र काढलं त्याला भावंडं नसावीत. असती तर त्या दोघांचं आपसातलं नातं काय, याचा खुलासा त्याने खाली नक्की केला असता. शेजारी-शेजारी असतील तर चालेल. सासरा-जावई उत्तम, दोघंही एकमेकांना जपून असतात. नवरा-बायकोचं सांगता येत नाही, पण तडजोडीची त्यांना निदान सवय असते. सख्ख्या भावंडांची मात्र जुनी येणी असतात, आणि ती वसूल करायला पाच तास एका खोलीत कोंडून घेण्यासारखी दुसरी संधी नाही.

आमच्या आईच्या खोलीतलं लोखंडी कपाट तिच्या लग्नातलं. ते खालून गंजलं आणि दार लावलं की सबंध मजल्याला कळायला लागलं, तेव्हा नवं घ्यायचं ठरलं. दादाने मोबाइलवर तीन दारांचं एक कपाट शोधून काढलं. पैसे भरायच्या आधी 'जोडणीसाठी माणूस हवा का?' असा एक प्रश्न होता आणि त्याच्यापुढे एक चौकोन. दादाने तो रिकामा ठेवला.

"स्क्रू पिळायचे हजार रुपये? आपण तिघं आहोत की. बाबांनी कधी माणूस बोलावला होता का?"

या वाक्याला आमच्या घरात उत्तर नाही. घरातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी बाबांनी खरंच कधी माणूस बोलावला नाही. गळक्या नळाचा वायसर, इस्त्रीची कॉइल, फ्यूजची तार, सगळं घरी. त्यात आमच्या जागा ठरलेल्या. दादा पक्कड आणि पाने हातात द्यायचा, ताई स्टूल धरायची, आणि मी शेंडेफळ, म्हणून माझ्याकडे बॅटरी. "बॅटरी नीट धर" हे वाक्य मी लहानपणी जितकं ऐकलं तितकं 'अभ्यासाला बस' हेही ऐकलं नाही. ज्यांनी कधी बॅटरी धरलेली नाही त्यांना हे काम सोपं वाटतं. काम करणाऱ्याला उजेड हवा असतो तो त्याच्या मनातल्या जागी, आणि ती जागा तो सांगत नाही. तुम्ही झोत डावीकडे नेलात की "अगं इकडे", उजवीकडे नेलात की "अगं तिकडे", आणि कंटाळून मधोमध धरलात की "डोळ्यात नको मारू". त्यातून वायर निसटली की ती बॅटरीमुळेच निसटते. घरात बिघाडाला जबाबदार माणूस कायम तयार असावा म्हणूनच लोक शेंडेफळ होऊ देत असावेत, असा माझा संशय आहे.

आता दादा पन्नाशीपुढचा, बँकेत अधिकारी, रक्तदाबाची गोळी चालू. ताई शाळेत मुख्याध्यापिका. माझ्या हाताखाली ऑफिसात वीसेक माणसं आहेत आणि ती माझं ऐकतात. त्या रविवारी डोंबिवलीच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत खोकी फुटली आणि दादा मांडी घालून नेमका बाबांसारखा बसला. त्याने न बघताच स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला.

"टॉर्च लाव. आणि नीट धर."

सकाळचे दहा वाजले होते. खिडकी उघडी होती. ट्यूबही चालू होती.

फर्निचर सुटं करून विकायची युक्ती तशी जुनी आहे. इराण्याच्या हॉटेलात वाकवलेल्या लाकडाची जी काळी खुर्ची असते, तिचं मूळ घराणं व्हिएन्नाचं. थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून ती काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, संपली खुर्ची. सुट्या केल्या की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावायच्या, आणि बोटीने कुठेही जायच्या. मला यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. कंपनीचं नाव 'थोनेट बंधू' असं होतं. मिखाएल थोनेट या बापाने १८५३ मध्ये धंदा पाच मुलांच्या नावावर करून दिला होता. म्हणजे पाच सख्खे भाऊ एकत्र बसले आणि त्यांचं एकमत कशावर झालं, तर खुर्ची आपण इथे जोडायची नाही, जिथे जाईल तिथे लोक जोडतील. इतिहासकार याचं कारण बोटीचं भाडं वाचवणं असं देतात. असेल. इतिहासकारांना भावंडं किती होती तेही कुणीतरी बघायला हवं.

पुढे स्वीडनमध्ये इंग्वार काम्प्राड नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९४३ मध्ये 'आयकिया' काढली. १९५६ मध्ये त्यांच्याकडच्या गिलिस लुंडग्रेन या माणसाला एक टेबल मोटारीत घालायचं होतं, ते मावेना, म्हणून त्याने पायच काढले. तिथून चपट्या खोक्यांचं युग सुरू झालं म्हणतात. ती दुकानं २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आली. आमचं कपाट तिथलं नव्हे, दुसऱ्याच कुणाचं, पण आता हा सगळा बाजारच त्या वाटेने चाललाय. सगळं चपट्या खोक्यात येतं, आणि सोबत तो काटकोनात वाकवलेला षटकोनी पाना. घराघरातल्या ड्रॉवरमध्ये असे चार-पाच पाने जमलेले असतात. ते कशाचे ते कुणाला माहीत नसतं आणि टाकून द्यायची कुणाची छाती होत नाही.

या सगळ्या सोयीत एक माणूस मात्र आपल्या घरातून उठून गेला. सुतार.

गावगाड्यात तो बारा बलुतेदारांतला. नांगर, कुळव, पाभर, गाडीचं चाक हे त्याचं, आणि सुगीला त्याच्या घरी धान्य पोचायचं. शहरात तो 'मिस्त्री' झाला, आणि आमच्या भागात तो बहुधा राजस्थानातून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेला असे. कानावर पेन्सिल, खिशात टेप. आराखडा म्हणाल तर प्लायवूडच्याच तुकड्यावर चार रेघा. आठ दिवसांचं काम म्हणून तो येई आणि गणपती जवळ आले तरी हॉलमध्ये प्लायवूडच्या शीटा उभ्याच. फेव्हिकॉलचा डबा शोकेसमध्ये, रंध्याचे कुरळे काप आमच्या दप्तरात, आणि भुसा थेट आमटीत. दिवसातून दोनदा चहा, त्यातही "साखर कम है भाभी". आणि एवढं होऊन शेवटी दार लागायचं नाही. लागलं तर उघडायचं नाही.

पण त्या दाराने आमच्या घराला जे दिलं ते कुठल्या कौटुंबिक पूजेने दिलं नाही. आमचे बाबा आणि काका कोकणातल्या जमिनीवरून कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. ते दोघे त्या दारापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, काकांनी दार एकदा लावून पाहिलं, बाबांनी एकदा, आणि काका म्हणाले, "याला काही येत नाही." बाबा म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." अबोला तिथे संपला. आजी, आई, काकू, ज्यांचं मिठाच्या चिमटीवरही एकमत नव्हतं, त्यांचं सुताराबद्दल पूर्ण एकमत होतं. तो लबाड होता, आळशी होता, माप चुकवायचा, खिळे पळवायचा. यातलं निम्मंसुद्धा खरं नव्हतं. तोही समंजस माणूस. सगळं ऐकून घेऊन "हो जाएगा" म्हणायचा आणि पाचर ठोकायचा. त्याने तेव्हा खोलीतच बांधलेला आईचा पलंग आजही हलत नाही. दारातून बाहेरही जात नाही, पण तो मुद्दा पुढे येईल.

सुतार गेला. दार वाकडं लागायचं काही थांबलं नाही. फक्त आता दोष देण्यासाठी बाहेरचं कुणी उरलं नाही.

आमच्या पुस्तिकेत एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं. तरीही ताईने ती मोठ्याने वाचली. "पान तीन. इथे बाण आहे. बाण खाली. ऐकतोयस का?" दादा ऐकत नव्हता. पुस्तिका वाचणं हे त्याच्या मते ज्यांना काम येत नाही त्यांचं काम. त्याने तोवर स्क्रूंच्या सगळ्या पुड्या फोडून एका ताटलीत ओतल्या होत्या. "एका नजरेत दिसतात," असं त्याचं म्हणणं. पुड्यांवर अ, ब, क अशी जी अक्षरं इंग्रजीत छापलेली असतात ती कंपनीने उगाच हौस म्हणून छापलेली नसतात, हे ताईने त्याला वर्गात बोलतात त्या आवाजात सांगितलं. दादाने तिच्याकडे बघून "बरं बाई" म्हटलं. त्या 'बाई'त बहीणही होती आणि शाळेतली बाईही. खोलीतलं तापमान तिथून चढायला लागलं.

त्यातल्या चकतीबद्दल सांगायलाच हवं, कारण अख्ख्या कपाटात मला मनापासून आवडली ती तीच. एका फळीत लोखंडी खुंटी पिळून बसवायची. तिला बारीक मान असते आणि वर डोकं. दुसऱ्या फळीत गोल भोक, त्यात शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी अशी धातूची चकती. चकतीला एका अंगाला खाच आणि वर जेमतेम दिसेल असा बाण. बाण खुंटीकडे करून चकती बसवायची, खुंटी फळीच्या कडेतून आत आली की स्क्रूड्रायव्हरने अर्धा वेढा द्यायचा. चकती खुंटीची मान धरते आणि दोन्ही फळ्या जवळ ओढून घेते. खिळा नाही, गोंद नाही, ठोकाठोक नाही. शेजारी दोन लाकडी खुंट्या असतात, त्या फळी इकडेतिकडे सरकू देत नाहीत. लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळीत वरचेवर स्क्रू पिळला की भोकाचा भुगा होतो, म्हणून ही सगळी हुशारी. अडचण एकच. बाण उलटा असला तरी चकती भोकात तितक्याच आनंदाने बसते. फिरतेसुद्धा. फक्त काही धरत नाही.

चकतीचा हा स्वभाव आम्हाला कळला तो डावी फळी अलगद कलत ताईच्या खांद्यावर येऊन टेकली तेव्हा.

"बाण कुणी बघितला नव्हता का?" ताई.

"बघितला होता की," दादा म्हणाला. "पण उजेड कुठे होता?"

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

डावी फळी म्हटलं खरं, पण ती डावी की उजवी हा वाद तोवर मिटलेला नव्हता. कपाट पालथं घालून जोडायचं असतं, म्हणजे पाठ वर. अशा वेळी डावं म्हणजे कुणाचं डावं? कपाटासमोर उभं राहणाऱ्याचं, की कपाटाच्या पाठीशी बसलेल्या आपलं, की खुद्द कपाटाचं? दादाच्या मते कपाटाला स्वतःचं डावं-उजवं असतं, माणसाला असतं तसं. ताईच्या मते डावं-उजवं वापरणाऱ्याचं, कपाटाचं काय कपाळ! दोघांचंही बरोबर होतं. या विषयावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू मोठा आहेस ना, घे की तिचं ऐकून." चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा एकच निवाडा या घरात चालू आहे, आणि दादाच्या चेहऱ्यावर दर वेळी तोच सात वर्षांचा मुलगा येतो ज्याला मोठा असल्याबद्दल पेढ्याचा लहान तुकडा मिळालाय. त्याने फळी फिरवली. ती आधी बरोबर होती. मुळात ती तशी कुणी ठेवली होती, यावर अजून तीन मतं आहेत.

एवढं सगळं चाललं असताना हॉलमध्ये दाजी पेपर वाचत बसले होते. ताईचे यजमान. अंबरनाथच्या एमआयडीसीत आयुष्य गेलं, यंत्रं उघडणं आणि जोडणं हाच धंदा. येताना ते गाडीच्या डिकीत स्वतःचं ड्रिल मशीन, पान्यांचा पुरा संच आणि एक स्पिरिट लेव्हल घेऊन आले होते. पण जावयाला काम कसं सांगायचं? ते उठून खोलीच्या दारात आले की आई, "तुम्ही बसा हो, ही तिघं करतायत ना." एकदा ते धीर करून म्हणालेच, "मला वाटतं, ती मधली फळी उलटी..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या पुढ्यात पोह्यांची दुसरी बशी आली. मराठी घरात ज्याला काम येतं त्याला पोहे मिळतात आणि ज्यांना येत नाही ते घामाघूम होतात. वहिनी शहाणी. तिने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की तिला रविवारी माहेरी काम आहे. काय काम, हे तिने सांगितलं नाही आणि विचारायची आमची हिंमत नव्हती.

फळ्या एकदाच्या चौकटीत उभ्या राहिल्या, तेव्हा दादाने पाठीचा पातळ, तीन-चार मिलिमीटरचा पुठ्ठावजा बोर्ड बाजूला सारला. "हा काय, भिंतीकडे जाणार. कोण बघतंय?" इथे ताई पेटून उठली. तो पाठीचा बोर्ड दिसण्यासाठी नसतोच. तो नसेल तर चौकट खेळती राहते, हात लावला की तिरकी होते, आणि चौकट तिरकी तर दारं जन्मात सारखी लागत नाहीत. बोर्ड ठोकण्याआधी चौकट काटकोनात आहे का ते बघायचं, आणि ते बघायला गुण्या नसला तरी चालतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन्ही अंतरं मोजायची. दोन्ही कर्ण सारखे, तर चौकट सरळ. ताईने शिवणाची टेप आणली आणि मोजलं. दोन सेंटीमीटरचा फरक. तिचा चेहरा असा काही उजळला की तिच्या शाळेच्या निकालाच्या दिवशीही उजळला नसेल.

हरलेल्या माणसाला आधार लागतो. दादाला बौधायन सापडला. "कर्णाचं हे सगळं आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. पायथागोरस नंतरचा. शुल्बसूत्रांत आहे." आहे, त्यात वाद नाही. आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन्ही बाजूंवरच्या चौरसांएवढा, हे बौधायन शुल्बसूत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण दादाने पुढचं वाचलेलं नसावं. शुल्बसूत्रं म्हणजे दोरीने मापं घेऊन यज्ञवेदी कशी रचायची त्याची पुस्तिका. पक्ष्याच्या आकाराची वेदी, पाच थर, एकेका थरात दोनशे विटा, म्हणजे हजार नग, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. आमच्या कपाटापेक्षा कितीतरी अवघड काम. आणि त्या ऋषींनी ते काम कुणाला दिलं? जाणत्या पुरोहिताला. यजमानाला आणि त्याच्या भावंडांना नाही. आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचा हा भाग कुणी पुढे पाठवत नाही.

कर्ण सारखे केले, बोर्ड ठोकला, आणि कपाट उभं करायची वेळ आली. आता आमच्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला माळा ठाऊक असतो. खोलीच्या एका भिंतीला दोन फूट पुढे आलेला, त्यावर गणपतीचं मखर, पितळी भांडी, दिवाळीचे कंदील आणि कुणाचीतरी सायकल. आमचा माळा सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंटीमीटर. कपाट २१० सेंटीमीटर उंच. दादाने हे आधीच मोजलेलं होतं आणि त्याचा त्याला योग्य अभिमान होता. "तीन सेंटीमीटर मोकळे राहतात!"

दाजी दारात आले. या वेळी त्यांच्या हातात पेपर होता आणि पेपरच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. "उभं कुठे करणार?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"इथेच. जागेवर."

"२१० उंच, ५५ खोल. उठवताना कर्ण उभा होतो. २१७ लागतील."

खोलीत शांतता पसरली. उभं कपाट माळ्याखाली राहू शकतं, पण माळ्याखाली उभं होऊ शकत नाही. तासाभरापूर्वी कर्णावरच एवढी भांडणं होऊन हा दुसरा कर्ण तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. बौधायनाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. उपाय साधा होता. कपाट माळ्याखालून पुरेसं बाहेर ओढायचं, तिथे उभं करायचं आणि मग माळ्याखाली सरकवायचं. बाहेर ओढायला पलंग आड येत होता. पलंग खोलीबाहेर काढावा, तर तो मिस्त्रीने खोलीतच बांधलेला. मग तो आडवा करून भिंतीला टेकवला. त्याच्याखाली ताईची हरवलेली कंपासपेटी निघाली, जी दादाने लपवली असा आरोप तिने पाचवीत असताना केला होता. कपाट तसंच पालथं टाकून त्या विषयावर पंधरा मिनिटं गेली.

शेवटी कपाट उठवायला चार माणसं लागली, आणि चौथे अर्थातच दाजी. आईने त्यांना हात लावू दिला, पण "जपून हो, तुमची कंबर" असं म्हणून. आमच्या कमरांविषयी ती काही बोलली नाही. मग दारं. आजकालच्या बिजागरीत स्क्रू पिळून दार वरखाली, आतबाहेर, डावीउजवीकडे असं तिन्ही अंगांनी हलवता येतं. सोय चांगली आहे, पण एक दार सरळ केलं की शेजारचं वाकडं दिसायला लागतं. ते काम दाजींनी पोहे न खाता दहा मिनिटांत केलं. दादा त्यांच्या शेजारी उभा राहून "हं, तसंच, तसंच" म्हणत होता.

सगळं झाल्यावर ताटलीत बघितलं तर एकही स्क्रू उरलेला नव्हता. मला बरं वाटलं. ताईला संशय आला. कंपन्या दोन-चार जादा देतात म्हणे, मग ते गेले कुठे? याचा अर्थ कुठेतरी जास्त पिळलेत. ती अजून अधूनमधून आतल्या बाजूला टॉर्च मारून शोधत असते. टॉर्च तिची तीच धरते आणि तिला कुणी काही बोलत नाही.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या तीन अभ्यासकांचा २०१२ मध्ये छापून आलेला एक निबंध आहे. आपल्या हाताने जोडलेली वस्तू माणसाला जास्त मोलाची वाटते, आणि तिच्यासाठी तो तयार वस्तूपेक्षा जास्त पैसे मोजायला राजी असतो, असं त्यांना साठवणीची साधी खोकी जोडायला देऊन आढळलं. अट एकच, काम पुरं व्हायला हवं. याला त्यांनी 'आयकिया इफेक्ट' असं नाव दिलं. निष्कर्ष खरा आहे, पण तीन भावंडांना एक खोकं दिलं तर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं दिसत नाही. आमच्यात जिव्हाळा वाटला गेलाय. दादा पाहुण्यांना ड्रॉवर उघडून दाखवतो, कारण ड्रॉवर त्याने बसवले. ताई कपाटाच्या पाठीवर थाप मारते. मधल्या दाराची मूठ मी लावली, आणि ती तिन्हींत सर्वांत घट्ट आहे. ज्याने जे लावलं नाही ते भाग कसे कुचकामी आहेत, हे सांगायलाही आम्ही विसरत नाही. तीनही दारं सरळ लागतात, त्याचं श्रेय मात्र दाजींना सोडून सगळ्यांनी घेतलंय.

आईने त्या कपाटात अजून एकही साडी ठेवलेली नाही. "बघू, टिकतंय का आधी," असं तिचं म्हणणं. भंगारवाल्याने लोखंडी कपाटाचे फारच कमी पैसे सांगितले म्हणून ते आता हॉलमध्ये आहे आणि साड्या त्यात आहेत. नव्या कपाटात जुन्या चादरी आणि त्या तीन खोक्यांचे पुठ्ठे नीट घडी करून ठेवलेत, कधी परत करायची वेळ आली तर असावेत म्हणून.

आता ताईने मुलासाठी अभ्यासाचं टेबल मागवलंय. सुटंच. डिलिव्हरीचा पत्ता आईच्या घरचा दिलाय, कारण "आपण तिघं आहोत की". त्या टेबलासाठी एका माणसाची गरज आहे. तो आमच्या नात्यातला नसावा. हत्यारं आणायची गरज नाही, काम येत असलं तरी चालेल, नसलं तर अधिक उत्तम. त्याने फक्त जवळ उभं राहायचं आणि काही बिघडलं की आम्ही तिघं एका सुरात जे बोलू ते ऐकून घ्यायचं. दोन वेळा चहा आणि पोहे. इच्छुकांनी येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत डोंबिवलीला यावं. येताना बॅटरी आणावी.